दिसलं तेवढंच काढ

वही आणलीस, पेन्सिली आणल्यास, आजोबांची दुर्बीणही तुझ्या गळ्यात आली. रविवारी पाषाणच्या तळ्यावर जाऊन पक्षी काढायचे म्हणतेस. फार बरं वाटलं. मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली आणि सुट्टी लागली की पक्षी बघत हिंडले. त्यातलं जे तुझ्या उपयोगाचं आहे ते आज सांगते. काही मला थोरामोठ्यांकडून मिळालं, काही वह्या भरता भरता समजत गेलं.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. जेवढं दिसलं तेवढंच काढायचं. दिसलं नाही ते अंदाजाने भरायचं नाही. ऐकायला सोपं आहे, पाळायला अवघड. बाकीचं सगळं ते पाळता यावं म्हणूनच आहे.

ओळखीच्या पक्ष्यापासून सुरुवात कर

पहिल्याच दिवशी धनेश नाहीतर स्वर्गीय नर्तक काढायच्या मागे लागू नकोस. कावळा काढ. आत्ता, बसल्या जागी, न बघता एक गावकावळा काढून दाखव बरं. राखाडी रंग कुठे सुरू होतो, कुठे संपतो? कपाळ काळं की राखाडी? गळा कसा? चोचीच्या मुळाशी काय असतं? रोज बघतेस तरी हात अडेल. आता खिडकीशी जा. कपाळ, माथा आणि गळा काळाभोर. मानेभोवती आणि छातीवर राखाडी. वरच्या चोचीच्या मुळाशी राठ केसांसारखी पिसं पुढे झुकलेली, त्यांच्याखाली नाकपुड्या झाकलेल्या. शेजारी डोमकावळा येऊन बसला, तर तो सबंध काळा, चोच जाडजूड आणि कपाळ उभारलेलं.

अंगणातला पक्षी बुजत नाही आणि उद्या पुन्हा येतो. आज जे कळलं नाही ते उद्या तपासता येतं. साळुंकी एकामागून एक पाय टाकत चालते, चिमणी दोन्ही पायांवर उड्या मारते. एवढ्या एका फरकाने दोघींची अंगाची ठेवण बदलते. दयाळ शेपटी वर उचलून धरतो, धोबी ती सतत खालीवर हलवतो. हे सगळं घराजवळ शिकून घे. मग रानात नवा पक्षी चार क्षण जरी दिसला, तरी त्यात नेमकं काय वेगळं आहे हे डोळ्याला लगेच कळतं.

आधी बघ, मग हात हलव

दुर्बिणीला दोन हात लागतात आणि काढायला तिसरा हात नसतो. म्हणून पद्धत अशी ठेव: दुर्बिणीतून पक्ष्याकडे बघ, मनात सावकाश दहापर्यंत मोज, दुर्बीण खाली सोड, डोळे मीट. मिटल्या डोळ्यांसमोर पक्षी उभा राहिला की कागदावर हात घाल. जेवढा आठवला तेवढा काढला की पुन्हा वर बघ. दर खेपेला एकच प्रश्न घेऊन बघ. या खेपेला फक्त मान, पुढच्या खेपेला फक्त शेपटी. एकदम सगळं बघायला गेलं की काहीच लक्षात राहत नाही. ही सवय लागायला वेळ लागतो, पण एकदा लागली की पक्षी उडून गेल्यावरही हात थांबत नाही.

सुरुवातीला यासाठी वंचकासारखा पक्षी नाही. तळ्याच्या, कालव्याच्या काठी तो हमखास असतो आणि बराच वेळ जागचा हलत नाही. हिवाळ्यात त्याच्या मानेवर तपकिरी रेघा असतात, पाठ मातकट, डोळा पिवळा. मान खांद्यात ओढून बसला की तो आखूड आणि गोल दिसतो, त्याला लांब मान आहे हे खरंही वाटत नाही. मग पाण्यात काहीतरी हलतं. आधी डोकं थोडं पुढे येतं. पाय जागचे हलत नाहीत, पण पाठ हळूहळू पाण्याला समांतर होत जाते आणि मान अंगुळअंगुळ बाहेर येते. चोच पाण्याच्या अगदी जवळ येऊन थांबते. तिथे तो किती वेळ थांबेल सांगता येत नाही. मग मान सुटते आणि चोचीत मासा असतो. उडाला की पांढरेशुभ्र पंख उघडतात आणि मातकट पक्षी क्षणात पांढरा होतो. एका पानावर त्याच्या चार अवस्था शेजारी शेजारी काढ: आखडलेला, झुकलेला, ताणलेला, उडालेला. एकच सुबक चित्र काढण्यापेक्षा या चार घाईच्या रेखाटनांतून वंचक जास्त कळतो.

चोच मागाहून

नवशिके चोच आणि डोळा आधी काढतात, कारण चेहऱ्याकडे लक्ष पटकन जातं. त्यात पक्षी उडून जातो आणि वहीत नुसतं मुंडकं उरतं. तू आधी हलक्या हाताने एकच रेघ ओढ, डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत. पक्षी कसा बसलाय ते त्या रेघेच्या तिरपेपणात येतं. खंड्या आणि खाटीक उभट बसतात, धोबी आणि तुतवार आडवे, पिंगळा जवळजवळ सरळ उभा. ही रेघ बरोबर आली, तर बाकीचं अर्धं राहिलं तरी जाणकार माणूस पक्षी ओळखतो.

त्या रेघेवर अंगाचा लंबगोल, डोक्याचा गोल, मग शेपटी. तिथे थांबून मापं बघ. डोकं अंगाच्या मानाने केवढं? चोच डोक्याच्या मानाने केवढी? खंड्याची चोच डोक्याएवढी तरी लांब असते. ती आखूड झाली की तो खंड्या राहत नाही. मिटलेल्या पंखांची टोकं शेपटीच्या मुळाशी थांबतात की पुढे जातात? फांदी आणि पोट यांच्यामधल्या मोकळ्या जागेचा आकारही बघ. पक्ष्याचा आकार चुकला असेल तर ती चूक त्या मोकळ्या जागेत लगेच दिसते.

डोळा सगळ्यात शेवटी. चोचीच्या फटीची रेषा मागे वाढवून बघ; डोळा तिच्या वर आणि चोचीच्या जरा मागे असतो. तो जरा जरी खाली सरकला तरी पक्षी आजारी दिसतो. उजेडाचा बारीक ठिपका आभाळाच्या बाजूला ठेव.

पाय, पंख आणि मान समजून घे

पक्ष्याच्या पायात जो सांधा मागे वळलेला दिसतो त्याला सगळे गुडघा समजतात. तो घोटा आहे. खरा गुडघा वर, पोटाच्या पिसांत झाकलेला असतो आणि तो आपल्यासारखाच पुढे वळतो. एवढं ध्यानात ठेवलंस की शेकाट्याचे लांबसडक गुलाबी पायही बरोबर जागी येतील. बोटं मोजायची सवय ठेव. बहुतेक पक्ष्यांची तीन बोटं पुढे आणि एक मागे असतं. सुतार, तांबट, पोपट, कोकीळ आणि भारद्वाज यांची दोन पुढे, दोन मागे. खोडाला धरून बसलेल्या सुतार पक्ष्याची शेपटीही बघ. ताठ पिसांचा टेकू देऊन तो अंगाचा भार तोलतो.

मिटलेला पंख म्हणजे नुसता एक पट्टा नव्हे. खांद्यावरची बारीक पिसं, त्यांच्याखाली मधली, मग उडायची लांब पिसं, अशी ती कौलारू छपरावरच्या कौलांप्रमाणे एकावर एक बसलेली असतात. हे गट कळले की प्रत्येक पीस काढायची गरज उरत नाही. गटाच्या कडा आणि पिसांची दिशा दाखवली की पुरतं. थंडीच्या सकाळी बुलबुल पिसं फुलवून बसतो तेव्हा चेंडूएवढा गोल दिसतो, दुपारी तोच सडपातळ होतो. आकार बदलला म्हणजे पक्षी बदलला असं नाही, म्हणून वेळ आणि हवा लिहून ठेवायची.

उडणाऱ्या पक्ष्याची मान आधी बघावी. बगळे मान आखडून घेऊन उडतात. करकोचे, चमचे आणि रोहित, ज्यांना आता सगळे फ्लेमिंगो म्हणतात, ते मान पुढे ताणून उडतात. आभाळात उंचावर काळी आकृती दिसली तरी एवढ्यावरून अर्धी ओळख पटते. उडते पक्षी काढायचा सराव घारीवर कर. ती एकाच जागी पुन्हा पुन्हा घिरट्या घालते, त्यामुळे तीच वळणं परत परत बघायला मिळतात. वळताना शेपटी कशी पिळते, तिच्या टोकाची उथळ खाच कधी दिसते आणि शेपटी पसरली की कशी नाहीशी होते, ते टिपून ठेव.

परत येणारा पक्षी धर

सगळेच पक्षी तुझ्यासाठी थांबणार नाहीत, पण काही परत त्याच जागी येतात. वेडा राघू विजेच्या तारेवरून झेपावतो, हवेतच माशी धरतो आणि फिरून त्याच तारेवर येतो. मधमाशी असली तर तारेवर आपटून, घासून तिचा डंख काढून मगच गिळतो. कोतवाल, खाटीक, खंड्या यांच्याही ठरलेल्या जागा असतात. असा पक्षी दिसला की पानावर एकदम चार-पाच रेखाटनं सुरू कर. तो ज्या पवित्र्यात परत येईल, ते रेखाटन पुढे न्यायचं. तास-दीड तासात पाचही पुरी होत येतात.

पावसाळ्यात सुगरणींच्या वसाहतीपुढे बस. विहिरीवर झुकलेली बाभळ नाहीतर शिंदीचं झाड शोध. नराचं डोकं त्या दिवसांत हळदीसारखं पिवळं असतं. तो गवताच्या पातळ पट्ट्या आणून घरटं विणतो आणि ते अर्धं झालं की लोंबकळत, पंख फडफडवत मादीला बोलावतो. तिला पसंत पडलं तर पुढची नळी पुरी होते. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला याच पक्ष्याचा अभ्यास केला. नर एकापाठोपाठ एक घरटी बांधतो आणि अर्धवट घरटं पारखून मादी नर निवडते, हा सगळा संसार त्यांनी तिथे झाडासमोर बसून उलगडला. घरटं जागचं हलत नाही आणि नर सारखा तिथेच येतो, म्हणून शिकणाऱ्याला ही वसाहत फार सोयीची. घरट्याच्या अवस्था तारखेनिशी काढत गेलीस तर पंधरवड्यात तुझ्या वहीत बांधकामाचा सबंध क्रम तयार होईल.

चित्राशेजारी शब्द लिही

चित्र कितीही चांगलं उतरलं तरी त्याच्याशेजारी तारीख, वेळ, जागा, ऊन कुठल्या बाजूला होतं, पक्षी किती लांब होता आणि काय करत होता, हे लिहिल्याशिवाय पान उलटू नकोस. रंग जागेवर भरायच्या भानगडीत पडू नये; बाण काढून शब्दांत लिहावेत. डोळा, चोच आणि पाय यांचे रंग सगळ्यात आधी लिही, कारण तेच सगळ्यात आधी विसरले जातात.

एक उदाहरण देते. हिवाळ्यात पुण्याच्या बागांमधून राखी कोतवाल येतो. झाडाच्या सावलीत तो आपल्या नेहमीच्या काळ्या कोतवालासारखाच काळपट दिसतो, शेपटीही तशीच दुभंगलेली. अशा वेळी राखी कोतवालाचा लालभडक डोळा आणि काळ्या कोतवालाच्या चोचीच्या कोपऱ्याशी असलेला बारीक पांढरा ठिपका कामाला येतात. डोळ्याचा रंग लिहून ठेवला असेल तर घरी आल्यावर शंका उरत नाही.

तारीख का लिहायची? एकच पक्षी ऋतूनुसार बदलतो म्हणून. तो मातकट वंचक विणीच्या दिवसांत पाठीवर गडद तांबूस होतो. गायबगळ्याच्या डोक्यावर आणि मानेवर केशरी रंग चढतो. सुगरणीचा पिवळाधमक नर हिवाळ्यात मादीसारखा होतो. तारीख नसलेलं चित्र पुढे कोड्यात टाकतं.

आणि पक्ष्यांचं पुस्तक पिशवीतच राहू दे. आधी वही, मग पुस्तक. पुस्तकातलं चित्र एकदा डोळ्यांपुढे आलं की आपल्याला काय दिसलं आणि पुस्तकात काय छापलंय, हे वेगळं करता येत नाही. नोंद पुरी कर, खाली रेघ मार, मगच पुस्तक उघड. पुस्तक पाहून सुचलेलं काही लिहायचं असेल तर ते रेघेखाली लिही.

रिकामी जागा रिकामीच ठेव

आता मुख्य गोष्टीकडे येते. पक्षी पानाआड होता, पाय दिसलेच नाहीत. मग पाय काढायचे नाहीत. शेपटीच्या खालचा रंग दिसला नाही, तर तिथे कागद कोरा राहू दे आणि बाजूला ‘दिसलं नाही’ असं लिही. चित्र अपुरं वाटेल, पण ती कोरी जागा पुढच्या खेपेला काय बघायचं ते सांगते. अंदाजाने भरलेली जागा मात्र काहीच सांगत नाही, उलट झाकून ठेवते. वर्षभराने वही उघडलीस तर यातलं पाहिलेलं कुठलं आणि रचलेलं कुठलं, हे तुझं तुलाही सांगता येणार नाही.

याचं मोल कळायला रानपिंगळ्याची गोष्ट ऐक. हा छोटा घुबडवर्गीय पक्षी. जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने १८८०च्या दशकात आपल्या खान्देशात त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंदच नव्हती. मध्ये एकच नोंद होती, कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन याची. १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ आपण हा पक्षी मिळवला, असं त्याने लिहून ठेवलं होतं. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयांतले नमुने बारकाईने तपासले आणि उघडकीला आलं, की तो डेव्हिडसनचाच जुना नमुना होता, चोरलेला, नव्याने भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला. त्या एका खोट्या चिठ्ठीने शोधणाऱ्यांना भलत्या मुलखाकडे पाठवलं होतं. ती बाजूला सारून, खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट निघाले आणि नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळच्या रानात त्यांना दिवसाउजेडी रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. पुढे मेळघाटात आणि तानसाच्या जंगलातही तो सापडला.

तो ओळखला कशावरून? आपल्या गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा. पंखांवर आणि शेपटीवर रुंद, ठळक पट्टे. पाय दणकट, पांढऱ्या पिसांनी झाकलेले. सगळ्या बारीक गोष्टी आहेत, आणि ‘घुबड म्हणजे ठिपके असणारच’ असं धरून ज्याने ठिपके काढले असते, त्याच्या वहीत रानपिंगळ्याचा पिंगळा झाला असता.

याच्या नेमकं उलट उदाहरणही आहे. जहांगीर बादशहाच्या दरबारात उस्ताद मन्सूर नावाचा चित्रकार होता. त्याने सायबेरियन क्रौंच काढला, तो शास्त्रज्ञांनी १७७३ साली त्या पक्ष्याचं वर्णन करण्याच्या दीडशे वर्षं आधी. तेव्हा त्याच्यापुढे पाहून भरायला पुस्तकच नव्हतं. समोर दिसलं ते त्याने काढलं, म्हणून आजही ते चित्र बघून पक्षी ओळखता येतो.

पक्ष्याचं सुख आधी

चित्रासाठी घरट्याजवळ जायचं नाही, फांद्या बाजूला सारायच्या नाहीत, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. विणीच्या दिवसांत त्याचा प्रत्येक फेरा पिलांसाठी असतो. खाणं सोडून तो तुझ्याकडे बघू लागला, मान ताठ करून स्तब्ध झाला, चोचीत किडा धरून घरट्यात न जाता फांदीवरच ताटकळला, तर तू फार जवळ गेलीस असं समज आणि माघार घे. टिटवी डोक्यावर ओरडत झेपा घालू लागली तर आसपास खड्यांमध्ये तिची अंडी असणार. ती खड्यांच्याच रंगाची असतात, सहज दिसत नाहीत. आल्या वाटेने, पायाखाली बघत, सावकाश मागे फिर. लांबून काढलेलं लहानसं चित्र पुरेसं आहे.

साहित्य थोडकंच

हातात मावेल एवढी जाड पुठ्ठ्याची वही, एक टू-बी पेन्सिल, एक बॉलपेन आणि पानं वाऱ्याने उडू नयेत म्हणून रबरबँड. खोडरबर घरी ठेव. चुकलेली रेघ तशीच राहू दे आणि शेजारी बरोबर रेघ ओढ. दोन्ही दिसल्या की डोळा कसा सुधारत गेला ते कळतं. आजोबांची दुर्बीण ८ बाय ४२ आहे, म्हणजे पक्षी आठपट मोठा दिसतो आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. दहापट मोठं दाखवणारी घेण्याचा हट्ट धरू नकोस. जितकं मोठं दिसतं तितका हाताचा कंपही मोठा दिसतो. सकाळी ऊन पाठीशी घेऊन बस. उजेड समोरून असेल तर रंगाच्या मागे लागू नकोस, नुसती बाह्यरेषा काढ. आकार शिकायला तो उजेड चांगला असतो.

भेटी आठवताना आणि सांगताना

पक्ष्यांच्या गोष्टी सांगायला आपल्या सगळ्यांना आवडतात. पण आठवण दर खेपेला थोडी फुगते. थवा मोठा होतो, पक्षी जवळ येतो, रंग उजळतो. म्हणून मी कुठलीही भेट सांगण्याआधी वही काढते. वहीत असेल तेवढंच सांगते.

करमाळ्याकडच्या माझ्या जुन्या वह्यांमध्ये गिधाडं आहेत, पानामागून पान. गावाबाहेर मेलेली जनावरं टाकायची जागा होती, तिथे ती जमत. पोट भरलं की तासन् तास हलत नसत, म्हणून काढायला सोपी. मानेची उघडी कातडी, तिच्या मुळाशी पांढरी झालर, ऊन खायला पंख पसरले की पाठीवर उघडणारा पांढरा पट्टा, ढकलाढकलीत निघणारा घोगरा फिसफिसाट, सगळं मी लिहून ठेवलंय. तेव्हा ती कुणाला विशेष वाटत नव्हती. पुढे १९९२ ते २००७ या काळात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्यांच्या मुळावर आलं; ते औषध टोचलेलं जनावर खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत. कारण २००४ साली उमगलं आणि २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. आता त्या माळावर गिधाड दिसत नाही. तिथे ती कशी बसत, कशी भांडत, कुठल्या महिन्यात किती असत, हे सांगायला माझी वही आहे.

वह्यांत नव्याने आलेलेही आहेत. उजनी धरण १९८०च्या सुमारास पूर्ण झालं आणि भीमेचं पाणी भिगवण, कुंभारगावपर्यंत पसरलं. जिथे रानं होती तिथे उथळ पाणी झालं आणि रोहित येऊ लागले. कोळ्यांच्या होडीतून त्यांना बघ. डोकं उलटं करून वाकडी चोच पाण्यात घालतात आणि पाणी गाळून खातात. चोचीचा तो बाक उलट्या डोक्याने खाण्यासाठीच आहे, हे काढताना आपोआप समजतं. नाशिकजवळ नांदूर मध्यमेश्वरलाही जा, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं ठरलेलं पाणथळ. तिथल्या मनोऱ्यावरून कुणाला न उठवता सकाळभर काढत बसता येतं.

तू म्हणशील, एका मुलीच्या वहीने काय होणार? २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो मोठा अहवाल निघाला, तो तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. त्यातले बहुतेक तुझ्यामाझ्यासारखेच, आपापल्या तळ्यावर, शेतावर, गच्चीवर बघणारे. कुठला पक्षी कमी होतोय आणि कुठला टिकून आहे, हे त्यांच्या साध्या, तारीखवार नोंदींवरूनच समजलं. तूही घरी आल्यावर दिसलेल्या पक्ष्यांची यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकत जा. संख्येची खात्री नसेल तर आकडा फुगवू नकोस आणि ओळख पटली नसेल तर नाव लिहू नकोस.

सुबक रेघ सरावाने येईल आणि ती उशिरा आली तरी काही बिघडत नाही. खरेपणा मात्र पहिल्या पानापासून पाहिजे. चित्र पुन्हा काढता येतं. पण त्या दिवशी, त्या फांदीवर पक्षी नेमका कसा होता, हे बघायला तुझ्या वहीखेरीज कुणाकडेच दुसरी वाट नसते.